बोजारा

दहापर्यंत मोजायला पालवी शाळेत शिकली नाही.
सुई टोचली की लगेच ओढायची नसते,
दहा म्हणेस्तोवर धरून ठेवायची,
नाहीतर औषधाचा थेंब बाहेर येतो.
त्या दहात ती आकडे शिकली.
डावं-उजवंही तसंच:
सकाळी डावी मांडी, रात्री उजवी.
अजून कुणी अकरा म्हटलं की
दचकून माझ्याकडे पाहते,
जसं काही सुई आत राहून गेली.

मानेवाड्याच्या आमच्या खोल्या मे महिन्यात तव्यासारख्या.
मी वीज खात्यात,
आणि दुपारी वीज माझ्याच घरची जाते.
कूलर थांबतो, फ्रीजचा आवाज थांबतो,
मग कुंदा ओल्या वाळूतलं मडकं उघडते,
आत हात घालून गारवा बघते, दोन कुप्या बघते.
पाणी मागायला आलेल्या शेजारणीला म्हणते,
"त्यातलं नको घेऊ माय, ते पोरीचं हाय."

बालवाडीत ठवकर बाईंना मी दोन डबे दिले.
हा भुकेचा, म्हटलं. हा घाबरायचा.
त्यांनी दुसरा उघडून पाहिला:
ग्लुकोज, खडीसाखर, माझा नंबर तीनदा लिहिलेला.
काही न बोलता त्याला लाल रिबीन बांधली
आणि स्वतःच्या टेबलावर ठेवला, खडूंच्या शेजारी.

फुटाळ्यावर एकदा धावता धावता ती थांबली.
"बाबा, पायाचं पाणी झालं."
मोजलं तर एकोणसाठ.
त्याआधी आम्हीच ओळखायचो,
घामावरून, चिडचिडीवरून, उगाच आलेल्या झोपेवरून.
लोक लेकरांचा पहिला शब्द लिहून ठेवतात ना,
आम्ही वहीत हा लिहिला.

मग आला तान्हा पोळा.
इतवारीतून आणलेला लाकडी बैल,
शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू,
एक चाक जरा वाकडं.
आदल्या रात्री मी गल्लीत घरोघरी जाऊन आलो,
हात जोडले:
बोजारा पैशातच द्या जी, गोड नको.
सगळे हो म्हणाले. नखाते काकूंच्या डोळ्यांत पाणी,
ते मला नको होतं, पण आलं.
कोपऱ्यावरचे नवे भाडेकरू तेवढे राहून गेले.

संध्याकाळी परतली,
खिशात दहा-दहाच्या नोटा, पाय धुळीने पांढरे.
मीटरवर तीनशे अठरा.
"काही खाल्लं का पालू?"
"नाही."
डोळे सरळ, आवाज सरळ,
हनुवटीला तेवढा चांदीचा वर्ख.

तिचं पहिलं खोटं.
सगळीच लेकरं बोलतात, बोलायलाच पाहिजे,
मी तर बापाच्या बिडीच्या पैशाबद्दल बोललो होतो
आणि ते आजवर कुणाला कळलं नाही.
हिचं तसं नाही.
हिच्या खोट्याची चुगली
हिच्याच बोटाचा थेंब करतो,
पाच सेकंदांत, आकड्यात.
कुंदा माझ्याकडे पाहत राहिली.
मी वर्ख पुसला. सुई भरली.
पालवीने आठपर्यंत मोजलं, मग रडली,
उरलेले दोन मी मोजले.

कूलरच्या मागे अर्धी संत्रा बर्फी सापडली.
ती मी रात्री जिन्यात बसून खाल्ली.
माझं बोट कुणी टोचलं नाही.

तीन वाजता बासष्ट.
दिवसभराची पायपीट आता खाली आली होती.
जी साखर नको म्हणून गल्ली पालथी घातली,
तीच पाण्यात ढवळून
चमच्या-चमच्याने पाजत बसलो.
ती झोपेतच पीत होती,
अगदी आज्ञाधारक.

सकाळी पाहिलं तर बैलाला उशाशी निजवलेलं,
वाकडं चाक निघून बाजूला.
मी पेन हातात घेतला
तर तिने आधी बैलापुढे हात आडवा केला.
"याले आज कमी द्या बाबा," म्हणाली,
"हा काल लय फिरला."